माहे मार्च, मुक्काम सुरत

सरकारी मराठीतून 'माहे' हा शब्द अजून निवृत्त झालेला नाही. 'माहे मार्चचे वेतन', 'माहे मार्चअखेर प्रलंबित प्रकरणे'. त्याच पत्रात दोन ओळी वर 'दिनांक ६ रोजी' असतेच. लिहिणाऱ्या कारकुनाला कल्पना नसते, पण 'माहे' आणि 'रोजी' हे जुने सोबती आहेत. फारसीत माह म्हणजे महिना आणि रोज म्हणजे दिवस. 'तारीख' हा शब्द या जोडीच्याच पोटी जन्मला, असे सांगणारी एक गोष्ट आहे.

ती सांगितली अल्-बिरूनीने, सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात. खलीफा उमरपुढे एक कर्जरोखा आला. फेड शाबान महिन्यात, एवढेच त्यात लिहिलेले. आता शाबान कोणता? सरलेला, चालू, की पुढचा? वाद मिटेना. तेव्हा होर्मुझान नावाचा इराणी सरदार म्हणाला, आमच्याकडे यासाठी एक हिशेब असतो, त्याला आम्ही माह-रोज म्हणतो. अरबांच्या तोंडी त्याचे 'मुअर्रख' झाले आणि त्यावरून 'तारीख'. मग हिजरी सन ठरला. भाषाशास्त्री ही व्युत्पत्ती मानत नाहीत. सेमिटिक भाषांत चंद्रासाठी जो धातू आहे, त्यातून शब्द आला असे ते म्हणतात, आणि त्यांचेच खरे असावे. तरी ती गोष्ट मला सोडवत नाही. तारखेचा पहिला पाळणा तीत एका थकलेल्या उधारीच्या कागदावर हलतो. पुढे अरबी-फारसीत तारीख म्हणजे इतिहास असाही अर्थ झाला. आपण मात्र त्यातला कोर्टाच्या कामाचा अर्थ तेवढा जिव्हाळ्याने जपला आहे.

उधारी, हुंडी आणि वसुली म्हटले की सतराव्या-अठराव्या शतकात सुरतेचे नाव पुढे येते. मोगलांचे मोठे बंदर, मक्केच्या यात्रेचा दरवाजा, इंग्रज, डच आणि फ्रेंच या तिघांच्या वखारी, नाणावटीत बसलेले सराफ, पारशी दलाल, आर्मेनियन व्यापारी. यांतला प्रत्येक जण आपल्या वहीच्या माथ्यावर आपला दिवस लिहीत होता. वर्तमानपत्रांच्या 'दिनविशेष' सदरात मार्च महिन्यातली सुरत अधूनमधून डोकावते, तेव्हा त्या एका ओळीमागे किती वह्या मिटलेल्या असतात, हे बघण्यासारखे आहे.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. ६ मार्च १७७५, सुरतेचा तह. नारायणरावाच्या खुनानंतर पेशवाईची वस्त्रे मिळवलेले आणि मग बारभाईंनी हुसकून लावलेले राघोबादादा गुजरातेत मार खात खात सुरतेला पोचले होते. मुंबईकर इंग्रजांशी त्यांनी करार केला. फौज इंग्रजांनी द्यायची, खर्च दादांनी सोसायचा, बदल्यात साष्टी आणि वसई सोडायची, शिवाय सुरत-भडोचच्या वसुलीतला वाटा. तारण म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर. या कागदाने पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. काही पुस्तकांत या तहाची तारीख ७ मार्च आढळते. पण एका दिवसाचा फरक ही फार किरकोळ गोष्ट आहे.

कारण त्या दिवशी सुरतेत फक्त ६ मार्च नव्हता. दादांच्या कारकुनाच्या लेखी तो फाल्गुन होता, शके १६९६. त्याला पत्राच्या शेवटी साल घालायचे असते तर त्याने लिहिले असते 'सन खमस सबैन मया व अलफ'. हा शुहूर सन. पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७५, आणि तोही अरबी अंकशब्दांत. हे साल मृगाला बदलते, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शेतकऱ्याचे वर्ष, अरबी आकडे, मोडी लिपी आणि लिहिणारा ब्राह्मण कारकून, अशी ती मोट होती. महिना आणि दिवस तो मुसलमानी चंद्राने देई, आधी 'छ' हे अक्षर काढून. त्या मार्चच्या आरंभी मोहरमचे चांद्रदर्शन झाले होते आणि हिजरी ११८९ नुकतेच लागले होते. शेजारच्या पेढीवरच्या गुजराती सराफाचे संवत १८३१ चालू होते, तेही गेल्या दिवाळीनंतर लागलेले. पारशी दलालाचे यझदगर्दी ११४४. एकच दिवस आणि पाच साले, आणि त्यांतले एकही चुकीचे नाही. तहाची तारीख इतिहासात इंग्रजी झाली, कारण मसुदा इंग्रजांच्या दप्तरात सांभाळला गेला आणि अखेरीस राज्यही त्यांचेच आले. पुढच्याच वर्षी, १ मार्च १७७६ ला, कलकत्त्याच्या हुकमावरून पुरंदरचा तह होऊन सुरतेचा करार रद्द ठरला. कागद वर्षभरही टिकला नाही, त्याची तारीख मात्र अजून शाळेच्या परीक्षेत टिकून आहे.

आता इंग्रजांच्या वहीकडे. त्यांचे वर्ष सरळ असेल असे आपल्याला वाटते, कारण आज आपण तेच वापरतो. पण सुरतेच्या वखारीत १६१३ पासून पुढची जवळजवळ १४० वर्षे इंग्रजांचे नवे वर्ष १ जानेवारीला लागत नसे. ते लागे २५ मार्चला. देवदूताने मेरीला शुभवार्ता दिली तो हा दिवस, आणि इंग्लंडात भाडे-खंड चुकते करण्याचाही. म्हणजे २४ मार्च १६६७ ची रात्र सरली की सकाळी २५ मार्च १६६८. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस हे गेल्या वर्षाचे शेपूट असे. गोंधळ टाळायला सावध कारकून दोन्ही साले तिरप्या रेघेने लिहीत, '१६६३/६४' अशी. सगळेच कारकून सावध नसत.

शिवाजी महाराज सुरतेवर पहिल्यांदा चालून आले ते पौष महिन्यात, शके १५८५ मध्ये. वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन त्या वेळी दारे लावून बसला होता. इंग्रजी कागदांत तो बुधवार ६ जानेवारीचा, आणि त्यांच्या रूढीप्रमाणे साल १६६३, कारण त्यांचे १६६४ लागायला अजून अडीच महिने होते. आपण १६६४ लिहितो ते नंतरच्या हिशेबाने. गंमत एवढ्यावर थांबत नाही. हाकेच्या अंतरावर डचांची वखार होती. हॉलंडने पोप ग्रेगरीची सुधारित कालगणना १५८३ मध्येच घेतली होती, आणि दमणच्या पोर्तुगिजांनीही तीच मानली होती. इंग्रज प्रॉटेस्टंट, पोपचे ऐकायचे नाही म्हणून जुन्या ज्युलियन गणनेला धरून बसले. म्हणून त्याच बुधवारी डच वहीत १६ जानेवारी होता. शहर तेच, धूर तोच, पळापळ तीच, आणि दोन गोऱ्या वखारींत दहा दिवसांचे अंतर.

मराठी वाचकाला हे दहा दिवस आणखी एका ठिकाणी बोचतील. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही शिवजन्माची तिथी. ती कायम झाली ती जेधे शकावलीमुळे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही तिथीवार टिपणांची वही, टिळकांनी १९१६ मध्ये छापून काढली. त्या तिथीची तारीख १९ फेब्रुवारी १६३०, हीच शासनमान्य आहे. पण ती ज्युलियन आहे. आजच्या कॅलेंडरात बसवली तर १ मार्च येते. आणि त्या दिवशी सुरतेच्या वखारीतला इंग्रज कारकून जे साल लिहीत होता, ते होते १६२९. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही अशीच, नव्या गणनेत १६ जून. तिथी की तारीख या वादात दरवर्षी दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, तेव्हा तारीखवाल्यांना कोणी विचारत नाही, बाबांनो, कोणती तारीख? मला तिथीवाल्यांची बाजू घ्यायची नाही. मात्र जेध्यांच्या टिपणकाराला, त्याच्या तिथीला, या दहा दिवसांची झळ लागत नाही, हे कबूल करायला हवे.

मुंबई बेट कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देणारी राजा दुसऱ्या चार्ल्सची सनद २७ मार्च १६६८ ची आहे. बेट सुरतेच्या अध्यक्षाच्या हाताखाली आले. सनदेवर तीन दिवस आधी सही झाली असती तर तिच्यावर १६६७ पडले असते आणि आपल्या इतिहासकारांची एक पिढी त्यावर भांडली असती.

हा घोळ इंग्लंडच्या पार्लमेंटने निस्तरला. १७५२ हे वर्ष त्यांनी १ जानेवारीला सुरू केले आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर केला. एव्हाना फरक अकरा दिवसांचा झाला होता. कर आणि भाडे भरायचे वर्ष अकरा दिवस आखडू नये म्हणून खजिन्याने २५ मार्चची मुदत पुढे ढकलली, आणि ती सरकत सरकत ६ एप्रिलवर आली. इंग्लंडात वैयक्तिक आयकराचे वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते. मेरीच्या शुभवार्तेचा हिशेब अजून चालूच आहे म्हणायचा.

पण तारखेपायी सुरतेचे स्वतःचे जे भांडण झाले, त्यापुढे हे सगळे फिके आहे.

पारशी वर्ष ३६५ दिवसांचे. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच गाथांचे दिवस. प्रत्येक दिवसाला नाव आहे. पारशी माणूस आजही जन्म-मृत्यूची नोंद 'रोज अमुक, माह तमुक' अशी करतो. बिरूनीच्या गोष्टीतला माह-रोज जिवंत बघायचा असेल तर कोणत्याही अग्यारीत जावे. मात्र या वर्षात चौथ्या वर्षीचा जादा दिवस नाही. म्हणून नवे वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकते. वसंतात बसवलेला सण असा शतकानुशतके मागे घसरत हिवाळा ओलांडून पावसाळ्याकडे येतो. भारतात आलेल्या पारशांनी कधीकाळी एक अख्खा महिना जादा घातला होता, असे मानतात. इराणात राहिलेल्यांनी तो घातला नाही. झाले, दोघांत एक महिन्याचे अंतर पडले आणि कित्येक पिढ्या कोणाच्या लक्षात आले नाही.

लक्षात आले ते सुरतेत. १७२० च्या सुमारास केरमानहून जामास्प विलायती नावाचा दस्तूर इथे उतरला. त्याचा रोज आणि यजमानांचा रोज जुळेना. तो तीन विद्यार्थी शिकवून परत गेला, पण ठिणगी पडली होती. १७४५ च्या जूनमध्ये सुरतेतल्या काही पारशांनी इराणी गणना स्वीकारली आणि स्वतःला कदमी, म्हणजे जुने, म्हणवून घेतले. उरलेले शहेनशाही. वादाला नाव पडले कबिसा, म्हणजे अधिक महिन्याचा वाद. बाहेरच्याला हसू येईल, पण धर्मविधीत दिवस, महिना आणि साल यांची नावे घ्यावी लागतात. रोज चुकला तर प्रार्थना चुकली. घरे दुभंगली, सोयरिकी अडल्या, भडोचला तर मारामाऱ्या झाल्या. १७६८ मध्ये मुल्ला काऊस ७८ प्रश्नांची यादी घेऊन इराणला निघाले, सोबत छोटा मुलगा. परतायला बारा वर्षे गेली. तो मुलगा म्हणजे पुढचे प्रसिद्ध मुल्ला फिरोज, ज्यांच्या नावाचा ग्रंथसंग्रह मुंबईत आहे. या भांडणाला एक फळही आले. आँकेतिल द्युपेरॉं हा फ्रेंच तरुण १७५८ मध्ये सुरतेला आला आणि कदमी पक्षाच्या दस्तूर दाराबकडे अवेस्ता शिकला. १७६२ च्या मार्चमध्ये तो १८० हस्तलिखिते घेऊन पॅरिसला पोचला. युरोपात जरथुष्ट्री धर्मग्रंथांचा अभ्यास तिथून सुरू झाला.

महाराष्ट्र शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत दर ऑगस्टला 'पारशी नववर्ष (शहेनशाही)' असते. कंसातल्या त्या शब्दाचे गाव सुरत. कदमींचे वर्ष त्याच्या महिनाभर आधी लागते. आपण शुभेच्छा देताना 'पतेती मुबारक' म्हणतो, ती खरे तर आदल्या दिवसाची, पश्चात्तापाची. आनंदाचा तो नवरोज. आणि वसंतसंपातावर, २१ मार्चला घट्ट बांधलेला जमशेदी नवरोज वेगळाच. खरशेदजी कामांनी १९०६ मध्ये फसली मंडळ काढून वर्षच तिथे परत न्यायचा प्रयत्न केला, पण हिंदुस्थानातल्या फार थोड्या पारशांनी तो मानला. मोगल दरबारातही नवरोज थाटात होई, औरंगजेबाने बंद करीपर्यंत. जहांगिराच्या दरबारातला इंग्रज वकील सर टॉमस रो, जो सुरतेलाच जहाजातून उतरला होता, तो आपल्या रोजनिशीत १६१६ चा नवरोज ११ मार्चला सुरू झाल्याचे नोंदवतो. सूर्य आपल्या जागी होता. कागद दहा दिवस मागे होता.

एकोणिसाव्या शतकात सरकारी सुरत इंग्रजी तारखेवर स्थिरावली. २४ एप्रिल १८३७ च्या आगीत शहराची हजारो घरे जळाली आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. त्या वेळी कवी नर्मद तीन वर्षांचा होता. पुढे त्याने शहराचा इतिहास लिहिला. पुराला सुरती माणूस 'रेल' म्हणतो आणि लोकांच्या बोलण्यात तारखेपेक्षा रेलच लक्षात राहते. २००६ सांगायचे तर 'त्या रेलच्या साली'.

मग एक घटना अशी आली की जिने आपली तारीख स्वतः निवडली. गांधीजी १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघाले, १ एप्रिलला सुरतेत होते आणि ५ एप्रिलला दांडीला पोचले. दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यातच होती. समुद्र समोर होता, मीठ पायाशी होते. तरी मीठ उचलले दुसऱ्या दिवशी सकाळी, ६ एप्रिलला. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला तो ६ एप्रिलला, आणि तेव्हापासून ६ ते १३ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताह पाळला जाई. म्हणजे एका दिनविशेषासाठी दुसरा दिनविशेष एक रात्र थांबला. सत्याग्रही तारखेबाबत सराफाइतकेच काटेकोर होते.

आज सुरतेतला मार्च कापड बाजारात ओळखू येतो तो 'मार्च एंडिंग'मुळे. याचीही कुळी आहे. १८६६ पर्यंत हिंदुस्थान सरकारचे हिशेबी वर्ष १ मेला सुरू होई. विलायतेत सरकारी वर्ष ३१ मार्चला संपू लागले होते, म्हणून १८६७ पासून इथेही १ एप्रिल आला. पण व्यापारी कुठला ऐकतो? दिवाळीला चोपडापूजन करायचे आणि कार्तिकात नवी वही उघडायची, ही त्याची रीत आयकर खात्यालाही चालत असे. १९८९-९० च्या कर-आकारणी वर्षापासून सर्वांना ३१ मार्च सक्तीचा झाला. चोपडापूजन आजही होते, पण कराचा हिशेब मार्चात.

उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या भिंतीवर एका खिळ्याला मराठी कॅलेंडर आणि शेजारी गुजराती तारीखियुं लटकते. एकात शके, दुसऱ्यात संवत. दोघांतला फरक चैत्रापासून आश्विनापर्यंत १३४ आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत १३५. गुढी चैत्रात उभारायची, 'साल मुबारक' दिवाळीनंतर म्हणायचे, पगार महिन्याच्या तारखेला घ्यायचा, पोराचे वय शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत आणि पत्रिका तिथीत. त्यात १९५७ पासून एक राष्ट्रीय पंचांगही आहे, २२ मार्चला चैत्र १ धरणारे. ते राजपत्राच्या माथ्यावर छापले जाते आणि तिथेच राहते. मला ही अडगळ वाटत नाही. सुरतेत राहायचे तर एवढे खिळे लागतातच.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर जुने कागद असतील, मोडीतले, गुजरातीतले, कसलेही, तर त्यांची यादी करताना तारखेचे रूपांतर लगेच करू नका. माथ्यावर 'छ' असेल, 'सन खमस' असेल, नुसता रोज-माह असेल किंवा दोन साले तिरप्या रेघेने लिहिलेली असतील, ते अक्षर न् अक्षर तसेच उतरवून घ्या. इंग्रजी तारीख त्याच्याखाली, वेगळ्या ओळीवर लिहा, आणि ती ज्युलियन की नवी हेही नोंदवा.